पुरवठा साखळीतील करिअर : उमरखेडच्या तरुणांना तिकडे काय खेचते आणि पायरी कुठे अडते

पोलीस भरती, तलाठी भरती, एमपीएससी, बँकिंग. उमरखेड, पुसद, महागाव या पट्ट्यातल्या आपल्या मुलामुलींच्या तोंडी करिअर म्हटले की ही चार नावे येतात. त्यात गैर काही नाही. आरक्षणाने जे दार उघडले ते सरकारी नोकरीचेच होते आणि दोन पिढ्या त्याच दाराने वर आल्या. पण जाहिराती लांबतात, वय निघून जाते आणि मग एखाद्या मित्राच्या खोलीवर राहून चाकण, भिवंडी किंवा बुटीबोरीच्या गोदामात काम सुरू होते. घरी सांगताना "कंपनीत लागलो" एवढेच सांगितले जाते. आपण ज्या क्षेत्रात शिरलो त्याला पुरवठा साखळी व्यवस्थापन, म्हणजेच सप्लाय चेन मॅनेजमेंट म्हणतात आणि त्यात वरपर्यंत जायच्या पायऱ्या आहेत, हे अनेकांना बऱ्याच उशिरा कळते.

लोक या क्षेत्रात का येतात, का टिकतात आणि आपल्या समाजातला तरुण नेमका कुठे अडतो, याची माहिती एका ठिकाणी मिळावी यासाठी हा लेख.

पुरवठा साखळी म्हणजे काय

माल जिथे तयार होतो तिथून तो वापरणाऱ्याच्या हातात पडेपर्यंतची सगळी कामे म्हणजे पुरवठा साखळी. कच्च्या मालाची खरेदी, साठवण, किती माल कधी बनवायचा याचे नियोजन, वाहतूक, वितरण, परत आलेला माल, आणि या सगळ्यासोबत फिरणारे कागद व पैसा. ट्रक आणि गोदाम हा तिचा डोळ्यांना दिसणारा भाग. त्यालाच लॉजिस्टिक्स म्हणतात. खरेदी आणि नियोजन हा न दिसणारा भाग, आणि चांगल्या पगाराच्या खुर्च्या बहुतेक तिकडे आहेत.

उमरखेडच्या माणसाला हे समजायला पुस्तक लागत नाही. पैनगंगेच्या काठच्या शिवारात हळद होते. काढली की शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची. मग हिंगोली, वसमत, नांदेड की थेट सांगली, हे ठरवायचे. आज विकायची की ठेवायची, ठेवायची तर कुठे, ओल किती राहिली, गाडीभाडे कोण देणार, हे सगळे प्रश्न पुरवठा साखळीचे आहेत. सांगलीजवळच्या हरिपूरची जमिनीखालची हळदीची पेवं ही तर जुन्या काळातली गोदाम व्यवस्थाच.

दुसरे उदाहरण पोफाळीच्या साखर कारखान्याचे. तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळला गेला पाहिजे, नाहीतर उतारा घसरतो आणि वजनही घटते. म्हणून लागवडीच्या नोंदी, तोडीचा कार्यक्रम, टोळ्या, गाड्या आणि गव्हाणीवरची रांग यांचा मेळ बसवावा लागतो. शिवारात फिरणारा स्लिप बॉय आणि शेतकी विभागातला नोंदणी कारकून हे काम वर्षानुवर्षे करत आलेत. चाकणच्या मोटार कारखान्यात हाच मेळ संगणकावर बसवणाऱ्या माणसाला प्लॅनर म्हणतात. कामाचा गाभा तोच, पदाचे नाव आणि पगार मात्र वेगळा.

क्षेत्र एवढे वाढले कशामुळे

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याआधी कंपन्या कर वाचवण्यासाठी राज्याराज्यांत लहान गोदामे ठेवत. ती गरज संपली, नाके उठले आणि मोठमोठी गोदामे मोक्याच्या ठिकाणी उभी राहिली. भिवंडीचा पसारा जुनाच होता, तो आणखी वाढला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने लॉजिस्टिक्सला पायाभूत सुविधेचा दर्जा दिला, त्यामुळे या धंद्याला कर्ज सोपे झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण आले. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि पूर्ण ७०१ किलोमीटर जून २०२५ मध्ये खुला झाला. तो यवतमाळ जिल्ह्यातून जात नाही, वाशिमकडून जातो. उमरखेडच्या वाट्याला तुळजापूर-नांदेड-यवतमाळ-नागपूर हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ आहे, आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग पुसद, उमरखेड, हदगाव असा येणार आहे. त्याचा वर्धा ते कळंब एवढा पहिला तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला.

२०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने या क्षेत्रावर २ कोटी २० लाखांहून जास्त लोकांचे पोट चालते असे नोंदवले होते. यातले फार मोठे प्रमाण चालक, क्लीनर, हमाल आणि गोदाम कामगारांचे आहे हे विसरू नये. "लाखो संधी" असे जाहिरातीत लिहिलेले असते तेव्हा त्या कुठल्या पायरीवरच्या आहेत, हा प्रश्न आधी विचारावा.

माणसे या कामाकडे का वळतात

पहिले कारण साधे आहे. आत शिरणे सोपे. फॉर्म नाही, क्लासची फी नाही, तीन वर्षे अभ्यासिकेत बसायचे नाही. बारावी किंवा बीए झालेला मुलगा या आठवड्यात जातो आणि पुढच्या महिन्यात घरी पैसे पाठवतो. ज्या घरात दोन-तीन एकर कोरडवाहू किंवा तेही नाही, त्या घरासाठी ही किरकोळ गोष्ट नव्हे.

दुसरे कारण ओळखीचे. आधी गेलेला मित्र पुढच्याला बोलावतो, खोलीत जागा देतो, सुपरवायझरला सांगतो. हे क्षेत्र ठरवून निवडणारे कमी, अशा वाटेने येऊन पडणारे जास्त. अगदी मोठ्या पदावरचे लोकही "मी अपघाताने इकडे आलो" असे सांगतात.

येण्याची कारणे ही झाली. टिकण्याची कारणे वेगळी असतात आणि तीच जास्त महत्त्वाची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली मांडलेली एक गोष्ट इथे उपयोगी पडते. पगार, पाळी, सुरक्षितता, साहेबाची वागणूक या गोष्टी वाईट असल्या तर माणूस नाराज होतो, सोडून जातो. पण त्या ठीक असल्या म्हणून तो कामात जीव ओततोच असे नाही. त्यासाठी लागते काम जमल्याचे समाधान, त्याची कोणी घेतलेली दखल, जबाबदारी आणि पुढे जाण्याची शक्यता. पुरवठा साखळीत यातल्या पहिल्या गोष्टीची कमतरता नाही. सकाळी रिकामी असलेली गाडी संध्याकाळी भरून निघते, मोजणीत एक नगसुद्धा कमी येत नाही, हे रोज दिसते. फाइल कुठे अडकली हे वर्षभर न कळणाऱ्या कचेरीपेक्षा हे वेगळे आहे.

कामाला अर्थ आहे असे वाटणे हेही एक कारण. करोनाच्या काळात ते सगळ्यांना दिसले. १२ जानेवारी २०२१ ला पुण्यातून कोविशील्डचे पहिले ट्रक निघाले, तेव्हा देशाने शीतसाखळी हा शब्द ऐकला. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहिली पाहिजे. पुण्यातून जिल्ह्याच्या भांडारात, तिथून तालुक्याला आणि शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या फ्रीजपर्यंत ती साखळी तुटू न देणारी माणसे कोणी डॉक्टर नव्हती. औषध निर्माते, भांडारपाल, शीतसाखळी तंत्रज्ञ, वाहनचालक होती.

आता आपल्या मुलांपुरते एक कारण, ज्यावर करिअर मार्गदर्शनाच्या पुस्तकात पान सापडणार नाही. इथे काम मोजले जाते. तासाला किती नग उचलले, किती चुका झाल्या, गाडी वेळेत सुटली की नाही, हे सगळे मशीन सांगते. स्कॅनरला आडनाव कळत नाही. गावात, शाळेत, कधी कचेरीतही ज्याला आधी आडनावावरून आणि मग कामावरून जोखले गेले, त्याला या गोष्टीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. शहरातल्या गोदामात पहिल्यांदाच आपण फक्त आपल्या कामावरून ओळखले जातो ही भावना खरी आहे. तिला हसू नये.

पायरी अडते कुठे

पण हे मोजमाप खालच्या दोन पायऱ्यांवरच चालते.

गोदामातला चढ साधारण असा असतो. पिकर, पॅकर किंवा लोडर. मग स्कॅनिंग आणि संगणकावर नोंद करणारा. मग साठा तपासणारा इन्व्हेंटरी कंट्रोलर किंवा पाळीप्रमुख. त्याच्यावर सुपरवायझर, नंतर प्लॅनर किंवा खरेदी अधिकारी आणि शेवटी व्यवस्थापक. पहिल्या दोन पायऱ्यांवरचे लोक बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराच्या, म्हणजे थर्ड पार्टीच्या पेरोलवर असतात. तिसऱ्या पायरीपासून कंपनी रोल सुरू होतो. दुसरीवरून तिसरीवर कोण जाणार हे स्कॅनर ठरवत नाही. साहेबाशी बोलता येते का, ईमेल लिहिता येतो का, एक्सेल येते का, कोणाच्या ओळखीचा आहे, यावर ते ठरते. खासगी क्षेत्रात आरक्षण नाही, त्यामुळे इथे दाद मागायला जागाही नाही. चार-पाच वर्षे पाळीवर काढून, पाठ दुखवून, वयाच्या तिशीत तोच पिकर राहिलेला तरुण गावी परत येतो तो इथूनच.

आपल्या इतिहासाला हे नवीन नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना सूतकताईच्या खात्यात घेत, पण विणकामाच्या साचे खात्यात घेत नसत. कारण कांडीतला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ होई. विणकामाची मजुरी जास्त होती. म्हणजे गिरणीत प्रवेश होता, चांगल्या मजुरीच्या खात्यात नव्हता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला, आणि कामगारांच्या एकजुटीची भाषा करणाऱ्या पुढाऱ्यांना अडचणीत आणले. आज गोदामाच्या दारावर कोणी जात विचारून अडवत नाही. तरी कारखान्यात शिरकाव मिळणे आणि कारखान्यात वर जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यांचा मुद्दा अजून तसाच उभा आहे.

तिसरी पायरी चढायची तर

पहिल्या नोकरीची पहिली दोन वर्षे महत्त्वाची. या काळात हात फक्त मालावर न ठेवता नोंदीवर गेला पाहिजे. येणाऱ्या मालाची पावती कशी होते, आधी आलेला माल आधी का काढतात, प्रत्यक्ष साठा आणि संगणकातला साठा जुळत नाही तेव्हा फरक कसा शोधतात, हे विचारून घ्यावे. बिल्टी, चलन आणि ई-वे बिल स्वतः तयार करता यावे. महाराष्ट्रात राज्यांतर्गत एक लाख रुपयांच्या वर आणि राज्याबाहेर जाताना पन्नास हजारांच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागते, एवढी साधी माहिती असणारा मुलगासुद्धा डिस्पॅच टेबलाजवळ बसवला जातो. एक्सेल चांगले यावे. कंपनीत सॅप असेल तर त्याचे साहित्य व्यवस्थापनाचे पडदे कोणाशेजारी बसून तरी पाहावेत. बाहेर महागडा सॅप क्लास लावून नोकरी शोधणाऱ्यापेक्षा आतमध्ये राहून ते शिकलेल्याला जास्त विचारतात. उमरखेड-नांदेडमध्ये तसा क्लास लावण्यात पैसे घालू नयेत, हे माझे स्पष्ट मत आहे.

प्रमाणपत्र हवेच. नोकरी करताना करण्यासारखे म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटचे पदविका अभ्यासक्रम. या संस्थेचे मुख्यालय नवी मुंबईत आहे. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे पुरवठा साखळीवरचे अभ्यासक्रम फुकट ऐकता येतात, फी फक्त परीक्षेची. सीपीआयएम, सीएससीपी ही आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रे वजनदार आहेत, पण फी डॉलरमध्ये असते. ती पहिल्या नोकरीसाठी नव्हे, पाचव्या-सहाव्या वर्षी आणि शक्यतो कंपनीच्या खर्चाने करायची.

पूर्ण वेळ शिकायचे असेल तर गावंडे महाविद्यालयातून किंवा कुठूनही पदवी घेतलेल्याला एमबीएची राज्य सीईटी देता येते. ऑपरेशन्स हा विषय घेऊन पुरवठा साखळीकडे जाता येते. कॅट देऊन आयआयएम मुंबईचा मार्ग आहे. ही पूर्वीची नीटी, १९६३ ची संस्था, ऑपरेशन्स आणि पुरवठा साखळीसाठी देशात नावाजलेली आणि २०२३ पासून आयआयएम. अनुसूचित जातींसाठी तिथे १५ टक्के जागा राखीव आहेत. खर्चाची भीती असते म्हणून सांगतो, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवर आहे, आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. दोन्हींचे अर्ज मुदतीत भरायचे असतात. पात्र असूनही मुदत चुकली की वर्ष हातातून जाते.

जिथे आरक्षण लागू आहे

स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुरवठा साखळी सरकारातही आहे. भारतीय अन्न महामंडळ, केंद्रीय वखार महामंडळ, कंटेनर कॉर्पोरेशन, रेल्वेची मालवाहतूक, बंदरे, ही केंद्राची. महाराष्ट्र राज्य वखार महामंडळ हे राज्याचे, मुख्यालय पुण्यात. आरोग्य विभागाची औषध भांडारेही आहेत. इथे आरक्षण लागू आहे आणि कामाचा अनुभव खासगीतही चालतो.

केंद्राच्या भरतीला केंद्राच्या नमुन्यातले जातीचे प्रमाणपत्र लागते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्रातही सवलती मिळाल्या, पण त्यासाठी प्रमाणपत्रावर मूळ जातीचा उल्लेख योग्य प्रकारे असावा लागतो. राज्याच्या नमुन्यातले प्रमाणपत्र घेऊन कागदपत्र पडताळणीला गेलेली मुले तिथूनच परत येतात. हे काम जाहिरात येण्याआधी करून ठेवावे.

मुलींबद्दल

गोदामातल्या पाळ्या आणि परगावची खोली यामुळे घरचे लोक मुलींना नाही म्हणतात. त्यातली सुरक्षिततेची काळजी बरोबर आहे. रात्रपाळीला संमती आणि ने-आणीची सोय असल्याशिवाय हो म्हणू नये. पण खरेदी, नियोजन, दस्तऐवज, ग्राहक समन्वय ही टेबलावरची कामे आहेत आणि नोंदीत काटेकोर असणाऱ्याला तिथे मागणी आहे. बीकॉम झालेली, टॅली येणारी मुलगी या दाराने थेट तिसऱ्या पायरीजवळ पोहोचू शकते. मुलगे खालून चढत येतात तो सगळा रस्ता तिला चढावा लागत नाही. हा मार्ग आपल्याकडे अजून फारसा कोणी वापरत नाही.

कागद हातात घ्या

कार्यकर्त्यांसाठी हा भाग. ओझे वाहणाऱ्या माणसाला हक्क देणारा कायदा महाराष्ट्राने देशाच्या आधी केला. माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा १९६९ चा. मंडळाकडे नोंदणी, मंडळामार्फत मजुरी, भविष्य निर्वाह निधी. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात हमाल पंचायतीचे बाबा आढाव यांच्या लढ्यांचे ते फळ. एक गाव एक पाणवठा ही चळवळ चालवणारे आढाव तेच. आजच्या चकचकीत गोदामांतल्या पिकर-पॅकरला माथाडीचे संरक्षण सहसा मिळत नाही. तो कंत्राटी असतो.

म्हणून २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांतल्या काही तरतुदी त्याला माहीत हव्यात. नेमणूकपत्र देणे आता बंधनकारक आहे. ओव्हरटाइम दुप्पट दराने. ठराविक मुदतीवर घेतलेल्या कर्मचाऱ्याला एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क. या संहितांवर कामगार संघटनांचे आक्षेप आहेत, संप आणि कामगार कपातीबाबतचे आक्षेप रास्तही आहेत. पण जे मिळाले आहे ते मागायला काय हरकत? आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारी १९४६ ची कारखाना कायद्यातली दुरुस्ती मजूरमंत्री असताना बाबासाहेबांच्या खात्याने आणली होती. बारा तासांच्या पाळीला "कंपनीत असेच असते" म्हणून मान डोलावण्याआधी हे आठवावे.

गावातून परगावी गेलेल्या प्रत्येकाने तीन कागद जपून ठेवावेत. नेमणूकपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या आणि पीएफचा यूएएन क्रमांक. कंत्राटदार बदलला की अनुभवाचा पुरावा हाच असतो, आणि कंपनी रोलच्या मुलाखतीत तोच विचारतात.

परत यायचे असेल तर

सगळ्यांना पुण्यातच राहायचे नसते. नांदेड-हिंगोलीच्या हळद बाजारात, जिनिंगमध्ये, शेतकरी उत्पादक कंपन्यांत साठा आणि वाहतूक सांभाळणाऱ्या माणसांची गरज आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्यावर कर्ज घ्यायचे आणि भाव आल्यावर विकायचे. अल्पभूधारकाला ती फारशी पोहोचत नाही, कारण त्याचा माल थोडा असतो आणि प्रतवारी, ओल, पावती हे सगळे त्याच्यासाठी कोणी पाहत नाही. पाच-सहा वर्षे भिवंडीत साठ्याच्या नोंदी ठेवलेला तरुण वीस शेतकऱ्यांची हळद एकत्र करून, वजन-ओल लिहून, एका पावतीवर गोदामात ठेवू शकतो. यासाठी मोठे भांडवल लागत नाही. लागतो तो वजनकाटा, ओलावा मोजायचे यंत्र आणि नीट ठेवलेले रजिस्टर.